अबोल्याची किंमत : रुग्णालयातील मतभेद आणि त्यांची उकल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की मी आजवर लसीकरण, बालकांचा आहार, परीक्षेच्या दिवसांतील मुले असे हातखंडा विषय निवडत आलो. ते विषय लिहिण्यास सोपे होते. कारण त्यांत चूक कोणाची असलीच तर ती बहुधा पालकांची असे. या वर्षी मात्र जिथे चूक माझी स्वतःची होती, अशा एका विषयावर लिहावयाचे ठरविले आहे. आपण जेथे काम करतो तेथील वाद, रुसवे आणि अबोले का निर्माण होतात, त्यांची किंमत कोण मोजतो आणि ते मिटविता येतात काय, हा तो विषय.

सुमारे वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरमध्ये व्यवसाय सुरू करून मला फार दिवस झाले नव्हते. एका खाजगी प्रसूतिगृहातील नवजात बालकांच्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे होती. खोलीत सहा पाळणे, दोन वॉर्मर आणि रात्रपाळीला एकच सिस्टर. या सिस्टर मूळच्या केरळच्या, अनुभवाने माझ्याहून मोठ्या, बोलणे बेताचे आणि हिंदी मोडकेतोडके. एका रात्री दोनच्या सुमारास त्यांचा फोन आला. पूर्ण दिवसांच्या, चार दिवसांच्या एका सुदृढ बाळाच्या काविळीचा अहवाल आला होता; बिलिरुबिन अकरा होते. अशा बाळाला चौथ्या दिवशी अकरा म्हणजे चिंतेचे काही नव्हे. दिवसभराच्या ओपीडीने मी शिणलो होतो. फोनवर मी चिडून बोललो. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी राउंडवर इतर सिस्टर, आया आणि बाळाची आजी यांच्यादेखत पुन्हा सुनावले, ‘‘इतना भी नहीं समझता? सुबह तक रुक नहीं सकती थीं?’’ सिस्टर काही बोलल्या नाहीत. ‘‘सॉरी सर’’ म्हणून त्यांनी फाईल मिटली. मला वाटले, प्रकरण संपले.

तीन आठवड्यांनंतर पहाटे साडेपाचला त्यांचाच फोन आला. एकवीसशे ग्रॅम वजनाचे, पाच दिवसांचे एक बाळ वाटी-चमच्याने दूध घेईनासे झाले होते. मी पोहोचलो तेव्हा त्याचे हातपाय गार पडले होते, त्वचेचा रंग उतरला होता आणि चिमटा काढला तरी ते धड रडत नव्हते. रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचे ते चित्र होते. सलाईन, प्रतिजैविके, प्राणवायू असे सारे सुरू केले. हात मोकळे झाल्यावर फाईल पाहिली. त्यात सिस्टरांच्या हस्ताक्षरात नोंद होती : ‘साडेतीन वाजता दूध घेतले नाही.’ मी संतापलो. साडेतीनला कळले होते, तर साडेपाचपर्यंत काय करीत होतात? त्यांनी खाली पाहत उत्तर दिले, ‘‘सर, आपको उठाऊँ या नहीं, दो घंटे यही सोचती रही.’’

बाळ वाचले. चौदा दिवसांनी आईच्या कुशीत घरी गेले. पण त्या आधीचे तीन दिवस ते जगेल की नाही, हे आम्हांला सांगता येत नव्हते. नवजात अर्भकाच्या जंतुसंसर्गात दोन तास म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. ते दोन तास फाईलमध्ये सिस्टरांच्या नावावर मांडले गेले. वस्तुतः ते माझे होते. तीन आठवड्यांपूर्वी राउंडवर मी जे बोललो, त्याची ती थकबाकी होती आणि ती एका पाच दिवसांच्या बाळाकडून वसूल झाली.

ताप हे लक्षण, रोग नव्हे

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ अशी आपल्याकडे म्हण आहे. रुग्णालयात ती उलटी लागू पडते. दोघांचे भांडण होते आणि तिसऱ्याची हानी होते. आणि तो तिसरा त्या भांडणात पक्षकारही नसतो.

मतभेद कोठे नसतात? घरोघरी मातीच्या चुली. परंतु रुग्णालयात त्यांना विशेष सुपीक जमीन मिळते. येथील प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून असते. वेळ अपुरा असतो, झोप अपुरी असते, दर आठ तासांनी माणसे बदलतात. अधिकाराची उतरंड कडक असते. परंतु माहिती मात्र बहुधा उतरंडीच्या तळाशी असते. बाळाने दूध सोडले हे प्रथम आईला कळते, मग आयाला, मग सिस्टरला आणि शेवटी डॉक्टरला. ती बातमी ज्या जिन्याने वर यावयाची, त्याची एखादी पायरी अबोल्याने मोडलेली असली की ती मध्येच अडकते.

आम्ही बालरोगतज्ज्ञ आईवडिलांना नेहमी सांगतो की ताप हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. नुसता ताप उतरवून भागत नाही, कारण शोधावे लागते. भांडणाचेही तसेच आहे. चढलेला आवाज हे लक्षण होय. ‘जाऊ द्या, झाले गेले विसरा’ असे म्हणून हस्तांदोलन घडवून आणणे म्हणजे पॅरासिटामॉल देणे. चार तासांनी ताप पुन्हा चढतो.

कारणांचा शोध घेऊ लागल्यास तीन थर दिसतात. पहिला थर कामाविषयीच्या मतभेदाचा : या रुग्णाला आज शस्त्रक्रिया करावी की थांबावे? हा मतभेद निरोगी आहे. किंबहुना तो नसेल, तर रुग्णाने घाबरावे. दुसरा थर व्यवस्थेचा : कोणी, केव्हा, कोणाला कळवावयाचे? रात्रीचा निर्णय कोणाचा? तिसरा थर व्यक्तीचा व मानाचा : ‘हा मला समजतो तरी काय?’ माझा अनुभव असा की, तिसऱ्या थरावर पेटलेली बहुतेक भांडणे दुसऱ्या थरावर सुरू झालेली असतात. माझ्या आणि त्या सिस्टरांच्या बाबतीत कोणत्या गोष्टीसाठी रात्री उठवावयाचे आणि कोणत्या गोष्टीसाठी नाही, हे मी कधी सांगितलेलेच नव्हते. नियम मी केला नाही आणि नियम मोडल्याची शिक्षा मात्र केली.

कठोर शब्दाचा परिणाम

‘डॉक्टर चिडका आहे, पण हुशार आहे’ हे वाक्य आपण कौतुकाने ऐकत व सांगत आलो आहोत. चिडण्याने काम बिघडत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक इस्रायलमधील संशोधकांनी तपासून पाहिले आणि २०१५ साली ‘पीडिऍट्रिक्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवजात अतिदक्षता विभागातील डॉक्टर व परिचारिका यांच्या चोवीस चमूंना एका कृत्रिम प्रसंगात अपुऱ्या दिवसांच्या, आतड्याच्या गंभीर आजाराने खालावत चाललेल्या बाळावर उपचार करावयास सांगितले गेले. काही चमूंना बाहेरून आलेल्या एका तथाकथित तज्ज्ञाने त्यांच्या देशातील वैद्यकीय सेवेच्या दर्जाविषयी तुच्छतेचे उद्गार ऐकविले. इतरांशी तो साधेपणाने बोलला. अपमान ऐकलेल्या चमूंचे निदानही कमी पडले आणि हातांचे कामही. कारण तपासता असे आढळले की त्यांनी एकमेकांना माहिती देणे आणि एकमेकांची मदत मागणे कमी केले होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांच्यावर कोणी ओरडले नव्हते. दोन-चार थंड, तुच्छतेची वाक्ये पुरेशी झाली.

आणि ओरडणे मुळीच नसूनही सर्वनाश कसा होऊ शकतो, याचे उदाहरण इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील रुग्णालयाचे आहे. तेथील लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे निकाल चांगले नाहीत, ही शंका भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी १९९० पासून वरिष्ठांच्या कानांवर घातली. त्यांना दाद मिळाली नाही. पुढे चौकशी झाली आणि इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ साली अहवाल दिला. १९९१ ते १९९५ या काळात तेथे हृदय उघडून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर एक वर्षाखालील ३० ते ३५ मुले अपेक्षेपेक्षा अधिक दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथे माणसे दुष्ट नव्हती. आतल्या वर्तुळातले आणि बाहेरचे असा भेद होता आणि शंका घेणारा बाहेरचा ठरत होता. प्रश्न विचारणाऱ्यालाच भांडखोर ठरविणे, ही भांडण दडपण्याची जुनी रीत आहे. तिने भांडण दिसेनासे होते. रोग मात्र आत वाढत राहतो.

म्हणून ज्या वॉर्डात कधीच वाद होत नाहीत, त्या वॉर्डाविषयी मला आताशा कौतुक वाटत नाही. मी तेथील सर्वांत कनिष्ठ सिस्टरला विचारतो, ‘मागच्या महिन्यात तुम्ही डॉक्टरांना कोणती गोष्ट पटली नाही म्हणून सांगितली?’ उत्तर आले नाही, तर ती शांतता नव्हे, अबोला आहे असे समजावे.

पाच वाटा

मतभेद समोर आला की माणसे काय करतात, याची एक सुटसुटीत मांडणी केनेथ थॉमस व राल्फ किलमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७४ साली केली. ती व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही शिकविली जाते. स्वतःचा आग्रह किती आणि दुसऱ्याची कदर किती, या दोन मापांवरून त्यांनी पाच वाटा सांगितल्या : आपले म्हणणे रेटणे, निमूटपणे मान्य करणे, टाळणे, अर्धे-अर्धे सोडून मध्य गाठणे आणि दोघांच्याही गरजा भागतील अशी तोड एकत्र शोधणे.

यांतील कोणतीही वाट मुळात वाईट नाही. औषधाप्रमाणे प्रत्येकीचा योग्य प्रसंग आहे. बाळ श्वास घेत नसताना चर्चा करावयाची नसते. तेथे एकाने आज्ञा द्यावयाची आणि बाकीच्यांनी ऐकावयाचे. तेथे रेटणे हाच धर्म. राउंड सकाळी साडेआठला की नऊला, अशा गोष्टीत समोरच्याचे ऐकून मोकळे व्हावे. दोघेही रागाने थरथरत असतील, तर तास-दोन तास टाळणे शहाणपणाचे. ड्यूट्यांच्या वाटपात मध्य गाठणे भागच असते. दिवाळीची रात्र कोणालाच नको असते, म्हणून आलटून-पालटून घ्यावी लागते. चूक होते ती एकच वाट सवयीची झाल्यामुळे. आपणा डॉक्टरांना रेटण्याची सवय असते, कारण आणीबाणीत तीच उपयोगी पडते. परंतु आणीबाणी संपल्यावरही आपला आवाज आणीबाणीचाच राहतो. सिस्टरांना निमूटपणे मान्य करण्याची सवय लावली जाते. आणि व्यवस्थापनाला टाळण्याची!

पाचवी वाट सर्वांत कष्टाची, पण टिकाऊ. तिचे मर्म अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली एका साध्या प्रसंगातून सांगितले होते. ग्रंथालयातील एका लहान खोलीत दुसऱ्या वाचकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. भांडण झाले असते, किंवा खिडकी अर्धी उघडून दोघेही नाखूश राहिले असते. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. दुसऱ्याला खिडकी नव्हे, मोकळी हवा हवी होती. बाईंनाही खिडकीचा राग नव्हता, अंगावर येणारा थंड वारा नको होता. मागणी एक असते, गरज दुसरीच. मागण्यांचा तंटा होतो. गरजा मात्र पुष्कळदा एकत्र नांदू शकतात.

एक मिनिट कोणाचे?

हे तत्त्व मला पुस्तकातून पटले नाही. ते आणखी एका भांडणातून पटले. दुसऱ्या एका रुग्णालयात माझा आणि एका ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ मॅडमचा सहा महिने अबोला होता. निमित्त झाले एका सिझेरियनचे. मला निरोप मिळाला तो बाळ बाहेर आल्यावर. मी पोहोचलो तेव्हा भूलतज्ज्ञ एका हाताने आईकडे पाहत दुसऱ्या हाताने बाळाला मास्कने श्वास देत होते. बाळ सावरले, परंतु मी थिएटरातच म्हणालो, ‘‘आधी कळवता येत नाही का?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘आधी कळवले तर तुम्ही ओपीडीतून निघता कुठे? मागच्या वेळी तासभर वाट पाहिली होती.’’ शब्दाने शब्द वाढला. त्यानंतर आमचे बोलणे केसपेपरवरच्या एका ओळीपुरते उरले. लग्नसमारंभात समोरासमोर आलो तरी आम्ही एकमेकांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलत असू.

मध्यस्थी केली ती त्याच भूलतज्ज्ञांनी. त्यांनी आम्हां दोघांना चहाला बसविले आणि कोण बरोबर, हे ठरविण्यास साफ नकार दिला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : ‘‘मॅडम, तुम्हांला काय हवे आहे? आणि डॉक्टर, तुम्हांला?’’ मॅडमना नको होते ते खोळंबलेले ऑपरेशन आणि प्रत्येक सरळ प्रसूतीला बालरोगतज्ज्ञाची फी का, म्हणून नातेवाइकांशी होणारी घासाघीस. मला हवी होती अर्ध्या तासाची पूर्वसूचना. मग भूलतज्ज्ञ म्हणाले, ‘‘आणि बाळाला काय हवे आहे?’’

आम्ही दोघेही गप्प झालो. कारण उत्तर दोघांनाही ठाऊक होते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास मिळू लागावा लागतो. नवजात पुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणात याला ‘सोनेरी मिनिट’ म्हणतात. आपल्या देशात सरकारने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला, तो प्रसूतीच्या जागी असलेल्या परिचारिकांनाही हे कौशल्य यावे म्हणूनच. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ओपीडीतून कोणताही बालरोगतज्ज्ञ एका मिनिटात येऊ शकत नाही. आम्ही सहा महिने भांडत होतो ‘मी वेळेवर येण्या’वरून. बाळाची गरज मी नव्हतो. शिकलेले दोन हात तेथे हजर असणे, ही त्याची गरज होती.

त्या बैठकीत एक कागद तयार झाला. सदतीस आठवड्यांपूर्वीची प्रसूती, जुळी, गर्भजलात मेकोनियम, पोटातील बाळाच्या ठोक्यांत बिघाड, वाढ खुंटलेले बाळ, मधुमेही आई : या प्रसंगी बालरोगतज्ज्ञाला आधी कळवायचेच. कळवायचे ते प्रसूतिकक्षातील सिस्टरांनी, डॉक्टरांच्या परवानगीची वाट न पाहता. मी पंधरा मिनिटांत निघू शकत नसेन, तर तसे लगेच सांगावयाचे आणि दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाला फोन जावयाचा. उरलेल्या सर्व प्रसूतींसाठी प्रत्येक पाळीत बॅग-मास्क वापरता येणारी एक सिस्टर हवी; त्यांना शिकविण्याची जबाबदारी माझी. तीन महिन्यांनी पुन्हा बसावयाचे. मॅडमनी आणि मी सही केली. माफी कोणी मागितली नाही, मागावी लागली नाही. पुढच्या सिझेरियनच्या वेळी थिएटरात शिरताच त्या म्हणाल्या, ‘‘या डॉक्टर, आज तुम्ही आमच्या आधी!’’ अबोला तेथे संपला.

भांडणाची केस कशी पाहावी

या अनुभवांतून काही पथ्ये मी स्वतःपुरती बांधून घेतली आहेत. डॉक्टरला ती समजण्यास अवघड नाहीत. आपण रुग्णाची केस जशी पाहतो, तशीच भांडणाची केस पाहावयाची.

प्रथम जागा व वेळ निवडावी. रुग्ण, नातेवाईक आणि कनिष्ठ सहकारी यांच्यासमोर कोणालाही बोलू नये. हल्ली यात एका जागेची भर पडली आहे : व्हॉट्सॲपचा ग्रुप. तेथे केलेली कानउघाडणी राउंडवरच्या कानउघाडणीपेक्षा वाईट, कारण ती पुसली जात नाही आणि घरी बसून पुनःपुन्हा वाचली जाते. राग निवळण्यास वेळ घ्यावा. परंतु एका दिवसापेक्षा अधिक नको. त्यापुढे राग निवत नाही, मुरतो.

दुसरे, आधी इतिहास घ्यावा. समोरच्याचे पूर्ण ऐकावे आणि त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्यालाच सांगून ‘बरोबर ना?’ असे विचारावे. निम्मी भांडणे येथेच ओसरतात, कारण माणसाला पुष्कळदा जिंकावयाचे नसते. आपले ऐकले गेले, एवढेच हवे असते.

तिसरे, निरीक्षण आणि निदान यांत गल्लत करू नये. ‘तुम्ही नेहमीच बेफिकिरी करता’ हे निदान झाले. त्यावर बचावाखेरीज दुसरे काही संभवत नाही. ‘काल सात वाजताचे इंजेक्शन साडेआठला दिले गेले, काय अडचण आली?’ हे निरीक्षण. त्याला उत्तर मिळते आणि ते पुष्कळदा आपल्याला खजील करणारे असते. मला एकदा मिळाले होते : ‘‘सर, एकटीच होते आणि दोन बाळे एकदम ॲडमिट झाली.’’

चौथे, जे ठरले ते कागदावर आणावे आणि पुन्हा तपासण्याची तारीख घालावी. औषध लिहून देऊन आपण रुग्णाला सोडून देत नाही, आठ दिवसांनी बोलावतो. समेटालाही फॉलोअप लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्या शहरापुरती. आपल्या रुग्णालयांत मालवी, हिंदी, मराठी, मल्याळम अशा भाषा एका छताखाली नांदतात. दोन मराठी डॉक्टर सिस्टरांसमोर मराठीत बोलू लागले आणि मध्येच हसले, की त्या हसण्याचा विषय आपणच, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मातृभाषेचा जिव्हाळा मंडळाच्या कार्यक्रमात मनसोक्त अनुभवावा. पाळण्याशेजारी सर्वांना समजेल तीच भाषा बोलावी. तसेच, आयाशी आणि वॉर्डबॉयशी ‘तू’ने बोलण्याची जुनी सवय आपण बदलण्याची वेळ आली आहे. हिंदीतले ‘आप’ फुकट मिळते आणि पुष्कळ काम करते.

प्रत्येक गोष्ट भांडण नव्हे

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही म्हण मतभेदांना लागू आहे, अन्यायाला नाही. एखाद्या सिस्टरचा वा निवासी डॉक्टरचा छळ होत असेल, तर तेथे दोन बाजू ऐकून मध्य गाठणे म्हणजे छळणाऱ्याला अर्धा विजय देणे. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा वा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे, मग ते आपले छोटे प्रसूतिगृह का असेना. दारू पिऊन कामावर येणारा, नोंदी बदलणारा, रुग्णाच्या जिवाशी खेळणारा, यांच्याशी समेट करावयाचा नसतो. तेथे कारवाईच करावयाची असते. समजूतदारपणाच्या नावाखाली अशा गोष्टी झाकणे हाही अबोलाच.

आपला समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेला आहे. आपण एकमेकांचे व्याही आहोत, विहिणी आहोत, गणेशोत्सवात एका पंगतीला बसतो. यामुळे आपल्यांत भांडणे कमी होतात, असे आपण मानतो. मला वाटते, ती कमी बोलली जातात. ‘उगीच वाईटपणा कशाला घ्यायचा’ या एका वाक्याने आपण किती शंका गिळल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ज्या भूलतज्ज्ञांनी आम्हां दोघांना चहाला बसविले, त्यांनी वाईटपणा पत्करण्याची तयारी ठेवली होती, म्हणून ते जमले. आपल्या मंडळात अनुभवाने पिकलेले आणि स्पर्धेतून बाहेर पडलेले अनेक ज्येष्ठ आहेत. अशा दोघा-तिघांनी पुढे होऊन सभासदांच्या तंट्यांत मध्यस्थी करण्याचे मनावर घेतले, तर कित्येक अबोले चहाच्या कपापाशी संपतील. कार्यकारिणीने याचा जरूर विचार करावा.

आता त्या सिस्टरांविषयी. मला त्यांची माफी मागावयास आठ दिवस लागले, हे कबूल करतो. बाळ धोक्याबाहेर गेल्यावर मी राउंड संपवून थांबलो आणि ज्यांच्यासमोर त्यांना बोललो होतो, त्यांच्यापैकी जे त्या दिवशी ड्यूटीवर होते, त्या सर्वांसमोर म्हणालो की त्या रात्रीची चूक माझी होती. त्यांनी नुसती मान हलविली. मग आम्ही दोघांनी मिळून एक तक्ता लिहिला. दूध घेईनासे होणे, हातपाय गार पडणे, श्वास मिनिटाला साठाच्या वर जाणे वा कण्हणे, झटके, मलूलपणा, तळहात-तळपाय पिवळे दिसणे : यांपैकी काहीही दिसल्यास कोणत्याही वेळी फोन करावा. तक्ता मी पुरा झाला असे म्हणालो, तेव्हा त्यांनी पेन मागून घेतले आणि शेवटी आणखी एक ओळ घातली : ‘सिस्टरला वाटले की काहीतरी बरोबर नाही.’

त्या पुढे निवृत्त होऊन गावी गेल्या. तक्ता मात्र मी जेथे जेथे काम केले, तेथे तेथे भिंतीवर लावला, त्यांच्या शेवटच्या ओळीसह. गेल्या महिन्यात त्या ओळीच्या आधारे एका नव्या, तेवीस-चोवीस वर्षांच्या सिस्टरने मला रात्री पावणेतीनला उठविले. बाळाला काहीही झालेले नव्हते. मी जाऊन पाहिले, तासभर थांबलो आणि निघताना म्हणालो, ‘‘अच्छा किया, फोन किया.’’ परतताना झोप उडालेली होती. पण रस्ते रिकामे होते आणि मन शांत होते.